एकशे अठ्ठावीसचा आकडा आणि उधळलेला कॅरम

पत्र:

ताई नमस्कार, आम्ही ठाण्यात कोलशेतला राहतो. मुलगा ९ वर्षांचा, चौथीत. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या की वर्गात याचं सगळं लवकर संपतं आणि मग खिडकीबाहेर बघत बसतो, एकदा टेस्ट करून घ्या, म्हणून दिवाळीनंतर आयक्यू टेस्ट केली. १२८ आला. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण याचा स्वभाव फार अवघड आहे हो. हरणं अजिबात सहन होत नाही. गणपतीत सोसायटीच्या कॅरम स्पर्धेत याने क्वीन घेतली, कव्हर गेलं नाही, पुढच्याच हाताला समोरच्या सात वर्षांच्या मुलीने क्वीन आणि कव्हर दोन्ही घेतलं, आणि याने सगळ्यांसमोर बोर्डच उधळला. मग पाऊण तास पार्किंगमध्ये गाडीमागे लपून बसला होता. वर्गात तोंड उघडत नाही, कोणाच्या वाढदिवसाला गेला तरी कोपऱ्यात. सासूबाई म्हणतात हुशार पोरं अशीच असतात, स्वभावाला औषध नाही. मिस्टर म्हणतात पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लावू, बारा शनिवार, नऊ हजार रुपये. मोठी मुलगी आठवीत आहे, अभ्यासात बेताची पण सगळ्यांची लाडकी, ती परवा म्हणाली, "त्याला हुशार म्हणून सगळं माफ." बुद्धी जास्त असली की स्वभाव असा होतो का? आणि क्लास लावू का?
– एक आई

उत्तर:

तू ताई म्हणालीस म्हणून मी सरळ अगं-तुगंवर येते, चालेल ना?

आधी तो कॅरम. मी स्वतः कॅरम खेळणारी बाई आहे, आमच्या नौपाड्याच्या वाड्यात मे महिनाभर दुपारी दुसरं काही नसायचं, त्यामुळे तुझं पत्र वाचताना मला तो बोर्डच डोळ्यासमोर आला. नऊ वर्षांचा मुलगा एवढ्या गर्दीत क्वीन घेतो म्हणजे त्याने अँगल बघितलाय, स्ट्रायकर कुठे ठेवायचा, किती जोर लावायचा हे सगळं दोन सेकंदात डोक्यात केलंय, ही बुद्धी. मग कव्हर हुकलं, क्वीन परत मधे आली, आता त्या क्षणी छातीत जे काही झालं ते सोसून हात मांडीवर ठेवायचे की बोर्डाखाली घालायचे, हे दुसरंच खातं. एकच मुलगा, एकच मिनिट, आणि दोन वेगळ्या गोष्टी घडल्यात. तुम्ही घरातले सगळे मात्र दुसरीचं कारण पहिलीत शोधताय.

तुझ्या प्रश्नाचं थेट उत्तर द्यायचं तर नाही, १२८ मुळे मुलगा चिडका होत नाही. बुद्धी आणि स्वभाव यांचा काहीच संबंध नाही असंही नाही, पण तो फार सैल आहे. संबंध मोजायची पट्टी शून्य ते एक अशी असते, शून्य म्हणजे काही देणंघेणं नाही, एक म्हणजे सावलीसारखं मागे. मानसशास्त्रात स्वभावाचे पाच मोठे पैलू धरतात. त्यातला फक्त एक, नवीन गोष्टींचं कुतूहल, कल्पना, "हे असं का" विचारायची खाज, हा बुद्धीबरोबर थोडाफार चालतो, तोही या पट्टीवर ०.२–०.३ च्या आसपास. बोलका की अबोल याचा बुद्धीशी संबंध जवळपास शून्य. शिस्त, हातातलं काम पूर्ण करणं, दप्तर रात्री भरून ठेवणं, याचाही जवळपास शून्य. आणि चिंता, चिडचिड, पटकन रडू येणं याचा संबंध किंचित आहे पण तो उलटा आहे बरं का, म्हणजे जास्त चिंता करणाऱ्यांचे मार्क चाचणीत थोडे कमी येतात, आणि त्यातही किती खरी बुद्धी आणि किती त्या दिवशीची भीती हा वेगळाच विषय. म्हणजे सासूबाईंचं "हुशार पोरं अशीच असतात" हे आकड्यांत बसत नाही. लुईस टर्मन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून दीड हजार अतिहुशार मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर माग काढला, ती बहुतेक चारचौघांसारखीच, उलट जरा जास्तच धडधाकट आणि मिसळणारी निघाली. (त्या निवडीत शिक्षकांनी आपली आवडती मुलं पुढे केली असणार हा आक्षेप आहे आणि तो खरा आहे.) याच टर्मनच्या चाळणीतून शॉकली आणि अल्वारेझ ही दोन मुलं गळली होती, दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, हे त्या चाळणीविषयी.

आता तो १२८. तुझ्या रिपोर्टवर मालिनची टेस्ट लिहिलेली असेल किंवा बिने-कामत, आपल्याकडे बहुतेक याच करतात. मालिनची नागपूरला तयार झाली, आणि कामतांनी १९३० च्या दशकात परदेशी चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. या सगळ्यांचं मूळ १९०५ मधलं, पॅरिसचे बिने आणि सिमोन, आणि त्यांना शोधायचं होतं कोणत्या मुलाला शाळेत जास्त मदत लागेल ते. हुशार कोण याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. पेढे नंतर आले. १२८ म्हणजे साधारण शंभरातली सत्त्याण्णव मुलं मागे, म्हणजे चाळीसच्या वर्गात असा एखादा असतोच, तुझ्या सोसायटीत तर चार-पाच असतील. आणि चार-पाच पॉइंट इकडेतिकडे धरायचे, सकाळी दूध पिऊन गेला होता की भांडून, त्यावरही थोडं असतं. चांगला आकडा आहे, वर्गात त्याला कंटाळा का येतो ते त्यावरून कळतं, मॅडमना जाऊन अवघड गणितं मागायला उपयोगी आहे. पण तो स्वभावाचा दाखला नाही. त्या चाचणीत हरल्यावर काय करतोस असा प्रश्नच नसतो.

(आणि बोटांचे ठसे घेऊन बुद्धी, स्वभाव, करिअर सगळं सांगणारे स्टॉल लागतात ना एक्झिबिशनमध्ये, त्याला काहीही शास्त्रीय आधार नाही. तू विचारलं नाहीयेस पण कोणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगते, ते पैसे वाचवून मामलेदारची मिसळ खा.)

सासूबाईंचं दुसरं वाक्य, स्वभावाला औषध नाही. आपल्याकडे गंमत बघ, बुद्धी वाढवायला आपण अबॅकस लावतो, वेदिक मॅथ्स लावतो, बदाम भिजवतो, स्कॉलरशिपला तिसरीपासून बसवतो, आणि स्वभावाला म्हणतो तो काय, जन्माचाच. खरं तर उलट आहे असं म्हणायला बऱ्यापैकी जागा आहे. स्कॉटलंडमध्ये १ जून १९३२ ला देशातल्या जवळपास सगळ्या अकरा वर्षांच्या मुलांना, सत्त्याऐंशी हजारांहून जास्त, एकाच दिवशी एकच बुद्धिमत्ता चाचणी दिली होती. ते गुण जपून ठेवले गेले आणि पुढे साठ-सत्तर वर्षांनी इयन डिअरी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या लोकांनी त्यातले हयात असलेले म्हातारे-म्हाताऱ्या शोधून त्यांना पुन्हा त्याच पेपरला बसवलं. अकराव्या वर्षी जे पुढे होते ते सत्तरीच्या शेवटालाही बरेचसे पुढेच, तो सैल-घट्ट आकडा ०.६ च्या वर. आता त्याच देशातली दुसरी गोष्ट. १९५० मध्ये चौदा वर्षांच्या मुलांबद्दल त्यांच्या शिक्षकांनी सहा गोष्टी लिहून ठेवल्या होत्या, आत्मविश्वास, चिकाटी, मूड स्थिर आहे का, जबाबदारी, वेगळा विचार, पुढे जायची इच्छा. त्यातली १७४ माणसं सत्त्याहत्तराव्या वर्षी पुन्हा तपासली, २०१६ मध्ये त्याचा पेपर आला, आणि चौदा वर्षांचं ते मूल आणि सत्त्याहत्तर वर्षांचा हा माणूस यांच्या स्वभावात जवळपास काहीच मेळ लागला नाही. तेव्हा शिक्षकांनी लिहिलं होतं आणि आता स्वतः आणि जवळच्यांनी, शिवाय माणसं थोडी, हे सगळं धरूनसुद्धा मला ते विलक्षण वाटतं. सासूबाईंना वाचून दाखव. वाद घालू नकोस, नुसतं दाखव.

आता तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली ओळ, आणि ती मुलाबद्दल नाहीये. "त्याला हुशार म्हणून सगळं माफ." तू ती शेवटी, जाता जाता लिहिलीस, पण अख्ख्या पत्रातलं अचूक निदान आठवीतल्या पोरीने केलंय गं. बघ ना काय होतंय, टेस्टच्या आधी त्याने बोर्ड उधळला तर ते आगाऊपण होतं, टेस्टनंतर तेच हुशारीचं लक्षण झालं. वागणं तेच, नुसता त्यावर रिपोर्ट चिकटला. नऊ वर्षांच्या मुलाला हे बरोब्बर कळतं, त्याला तर जास्तच लवकर कळेल, की या घरात आपल्याला पास मिळालाय. आणि तिलाही कळतं की आपल्याला "बेताची" हे नाव पडलंय, जी सगळ्यांना सांभाळून घेते, बिल्डिंगमध्ये जिला सगळे हाक मारतात, तिच्या या गुणाला घरात मार्कच नाहीत. अमेरिकेत २००५ मध्ये डकवर्थ आणि सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी नेमकी आठवीचीच मुलं बघितली, वर्षाच्या सुरुवातीला त्यांचा आयक्यू आणि स्वतःवरचा ताबा दोन्ही मोजलं, आणि वर्षअखेरीच्या मार्कांचा अंदाज आयक्यूपेक्षा दुपटीने जास्त त्या ताब्यावरून लागला. म्हणजे ज्याला आपण नुसता "चांगला स्वभाव" म्हणून बाजूला ठेवतो ते मार्कशीटमध्येसुद्धा उतरतं. तिला आज रात्री जवळ घेऊन सांग की तू म्हणालीस ते बरोबर होतं, आमचं चुकत होतं. एवढंच. लेक्चर नको.

हरणं सहन न होण्याबद्दल मी माझंच सांगते. आमच्या वेळी स्कॉलरशिप चौथीला आणि सातवीला असायची. चौथीत मला मिळाली, बाबांनी वाड्यातल्या प्रत्येक दाराशी जाऊन सांगितलं, "आमची हुशार आहे", किराणावाल्यालासुद्धा. मी इतकी घाबरले त्या शब्दाला की सातवीच्या परीक्षेच्या सकाळी पोट दुखतंय म्हणून अंथरुणात पडून राहिले. पोट दुखत नव्हतं. न बसलेली मुलगी हुशारच राहते ना! हे मी बाबांना ते असेपर्यंत कधीच सांगितलं नाही, आज तुला सांगतेय. पुढे नोकरीत आल्यावर म्यूलर आणि ड्वेक यांचा १९९८ चा प्रयोग वाचला, पाचवीतल्या मुलांना एक सोपं कोडं दिलं, सुटल्यावर काहींना म्हणाले "किती हुशार आहेस", काहींना "किती मेहनत घेतलीस". मग अवघड दिलं, सगळीच आपटली. नंतर दुसऱ्या शाळेतल्या मुलांसाठी म्हणून निनावी कागदावर आपले मार्क लिहायला सांगितले, तर "हुशार" म्हटलेल्या दहांतल्या जवळपास चारांनी ते फुगवून लिहिले, "मेहनत" वाल्यांत दहांतला जेमतेम एक. पुढे या सगळ्या मेहनत-कौतुक प्रकाराचा फार गाजावाजा झाला आणि मोठ्या प्रमाणावर करून बघितलं तर परिणाम बराच लहान निघाला, त्यामुळे जादूची कांडी म्हणून मी तुला हे देत नाहीये. पण ती निनावी कागदावर खोटे मार्क लिहिणारी पोरं, ती मी ओळखते.

तुझा मुलगा पाऊण तास गाडीमागे कशाला लपला असेल? रागावलेला मुलगा लपत नाही गं, तो आरडाओरडा करतो. लपतो तो लाजलेला.

म्हणून घरात कॅरम लाव. रोज नको, आठवड्यातून दोनदा, जेवणानंतर, एकच बोर्ड. आणि त्याला मुद्दाम जिंकू देऊ नका, मिस्टरांना खास सांग, वडील लोक ही चूक फार करतात आणि हुशार पोराला ती लगेच दिसते. तू हरलीस की मोठ्याने म्हण, "शी, कव्हर गेलं असतं तर, वैताग आला", आणि मग सोंगट्या गोळा करून बोरिक पावडर पुसून बोर्ड जागेवर ठेव. त्याला हरण्याचं तत्त्वज्ञान नकोय, हरलेल्या माणसाचे हात काय करतात ते बघायचंय. तो हरला आणि चेहरा पडला तर लगेच "खेळ आहे रे" म्हणू नकोस, त्याच्यासाठी खेळ नाहीये तो. "लागलं ना" एवढं म्हण आणि गप्प बस. बोर्ड उधळलाच तर सोंगट्या त्यानेच शोधायच्या, सोफ्याखालच्यासुद्धा, शांतपणे, रागवायचं नाही आणि सोडायचंही नाही. पहिल्या दोन-तीन वेळा वाईट जाईल. मग एक दिवस तो नुसता स्ट्रायकर आपटून उठेल आणि तुला वाटेल काहीच फरक नाही, तर तो फरक आहे, बोर्ड जागेवर आहे. आठवडे नाही, महिने लागतात याला.

गप्प बसण्याचं प्रकरण मात्र वेगळं आहे, ते या रागात मिसळू नकोस. न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस या डॉक्टर नवरा-बायकोने १९५६ पासून तान्ह्या मुलांचे स्वभाव टिपले, त्यात साधारण पंधरा टक्के मुलं अशी की नव्या जागी, नव्या माणसांत हळूहळू रुळतात, ढकललं की आणखी आत जातात. तो दोष नाही, ती चाल आहे. मूल कसं आहे यापेक्षा ते आणि त्याच्या आजूबाजूचे लोक यांचं जुळतं का, यावर त्या दोघांचा सगळा भर होता. वाढदिवसाला कोपऱ्यात बसतो ना, मग पुढच्या वेळी त्याला पंधरा मिनिटं लवकर ने. घर रिकामं असतं, फुगे फुगवायचे असतात, दोनच मुलं आलेली असतात, तिथे त्याला जागा सापडते आणि मग गर्दी त्याच्याकडे येते. उशिरा पोचलं की त्याला भरलेल्या घरात शिरावं लागतं, ते मला आजही नको वाटतं. वर्गात हात वर करत नसेल तर मॅडमना सांग की आदल्या दिवशी एक प्रश्न त्याला सांगून ठेवा, उद्या हा तुला विचारणार. आणि त्याला एक मित्र पुरे. मोठ्या वयाचा असला तरी चालेल, बुद्धिबळाचा, किड्यांचा, ट्रेनचा, ज्याचा नाद असेल त्यातला. मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच ठाण्यात, १८९३ पासून, शनिवारी त्याला तिकडे घेऊन जा आणि पुस्तक त्यालाच निवडू दे.

क्लास? नऊ हजार रुपयांत बारा शनिवार स्टेजवर माइक धरायला शिकवतील, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. ज्या मुलाला तीस अनोळखी मुलांत गुदमरतं त्याला तीस अनोळखी मुलांत टाकून आत्मविश्वास येईल असं मला वाटत नाही. त्याला स्वतःला नाटकात काम करायचं असेल, तर बालनाट्याचं शिबिर वेगळी गोष्ट, तिथे दुसऱ्याचे शब्द बोलायचे असतात म्हणून अबोल पोरं कधी कधी मस्त खुलतात. पण विचार त्याला. मिस्टरांना दुखवायचं नसेल तर म्हण उन्हाळ्यात बघू.

एक गोष्ट गंभीरपणे. हुशार आहे म्हणून बाकी काही नसेलच असं धरून चालू नकोस. चिंतेचा त्रास, एडीएचडी (लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ), ऑटिझम, अगदी लिहिण्या-वाचण्यातली अडचणसुद्धा, हे सगळं उत्तम आयक्यूबरोबर असू शकतं, आणि अशा मुलांत ते उशिरा कळतं कारण डोकं वापरून ती निभावून नेतात. झोप बिघडली असेल, शाळेच्या सकाळी रोज पोट दुखत असेल (माझ्यासारखं एक दिवस नाही, रोज), आवाज किंवा कपड्यांचा त्रास होत असेल, कुठेच एकही मित्र नसेल, किंवा "मी नसतो तर बरं" असं काही बोलला असेल, तर वाट बघू नकोस. या शेवटच्याला तर त्याच आठवड्यात कोणाला तरी दाखव. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे, बालरोगतज्ज्ञही चांगलं नाव सुचवतील. जाताना तो पूर्ण रिपोर्ट घेऊन जा, पहिलं पान नाही, आतलं. मालिनची टेस्ट असेल तर वर्बल (शब्दांतले प्रश्न) आणि परफॉर्मन्स (हातांनी करायची कामं) यांचे आकडे वेगळे दिलेले असतात, त्यात मोठा फरक असेल तर बघणाऱ्याला तो १२८ पेक्षा जास्त सांगून जातो.

आणि तिथून आल्यावर तो रिपोर्ट परत कपाटात, कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेव. फ्रिजवर लावला असशील तर काढ, फॅमिली ग्रुपवर टाकला असशील तर आता इलाज नाही, पण पुढे कोणी विचारलं की "अजून किती काय यायचंय" म्हणून विषय बदल. सासूबाईंना कॅरममध्ये घे. आज्या क्वीन फार छान घेतात, आणि त्या हरल्यावर काय करतात ते मला नक्की कळव.